आठ कार्यक्रम आणि पाच अटी: स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेचा एक प्रकरण अभ्यास

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आठवडा उरला असताना सांस्कृतिक समितीची एक चिठ्ठी माझ्या हाती आली. मी अकरावीला गणित शिकवतो. त्या दिवसांत वर्गात क्रमचय, म्हणजे वस्तूंच्या क्रमवार मांडण्या मोजण्याचे प्रकरण चालू होते. चिठ्ठीत आठ कार्यक्रमांची नावे होती आणि त्यांचा क्रम लावताना पाळायच्या अटी लिहिल्या होत्या. क्रम लावून देण्याचे काम माझ्याकडे होतेच. मात्र त्याआधी, असे क्रम मुळात किती शक्य आहेत, हा प्रश्न मी ती चिठ्ठी जशीच्या तशी फळ्यावर उतरवून वर्गापुढे ठेवला. पुढच्या तीन तासिकांत जे घडले, त्याची ही नोंद आहे. त्यात बरोबर उत्तरापेक्षा चुकीच्या उत्तरांना अधिक जागा दिली आहे, कारण प्रत्येक चुकीमागे एक समजूत होती आणि त्या समजुती मी अनेक वर्षे अनेक वह्यांत पाहिल्या आहेत.

ईशस्तवन सुरुवातीला आणि पसायदान शेवटी, हे ठरलेलेच होते, त्यामुळे मोजणीत त्यांचा संबंध येत नाही. मधले आठ कार्यक्रम असे होते: पाचवीचे कोळीगीत, सहावीचे समूहगीत, सातवीची लेझीम, पोवाडा, एकांकिका, नाट्यछटा, गोंधळ आणि भारूड. फळ्यावर त्यांची आद्याक्षरे लिहिली: क, स, ल, प, ए, न, ग, भ. अटी पुढीलप्रमाणे होत्या. लहान वर्गांचे कार्यक्रम इयत्तेच्या क्रमाने व्हावेत, म्हणजे आधी क, नंतर स, नंतर ल. पोवाडा प्रतापगडच्या प्रसंगावर होता आणि एकांकिकेचे कथानक त्या प्रसंगानंतर सुरू होत होते, म्हणून प हा ए च्या आधी हवा. गोंधळ आणि भारूड यांचे वादक तेच असल्याने मंचावरचे माइक एकदाच लावता यावेत यासाठी ग आणि भ लागोपाठ हवेत, मग त्यांतला कोणताही आधी आला तरी चालेल. नाट्यछटा सादर करणारी मुलगीच एकांकिकेत मुख्य भूमिकेत होती आणि तिला वेश बदलायला वेळ लागणार होता, म्हणून न आणि ए लागोपाठ नकोत. अशा चार अटी होत्या. पाचवी अट दुसऱ्या दिवशी आली आणि या प्रकरणाचा खरा कस तिथेच लागला.

शब्दांचा अर्थ लावतानाच पहिली अडचण आली. ‘इयत्तेच्या क्रमाने’ याचा अर्थ काही मुलांनी ‘लागोपाठ’ असा घेतला आणि क-स-ल हे तिन्ही एकत्र बांधून टाकले. ही चूक गणिताची नाही, वाचनाची आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचे उदाहरण मला येथे उपयोगी पडले. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हा मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला आहे. प्रत्यक्षात हे पाचही आधी जातात. पण आणखी तीन मंडळांना या पाचांच्या आधी, मध्ये किंवा नंतर कुठेही येण्याची मोकळीक दिली, अशी कल्पना केली, तरी पाचांचा आपसातला क्रम अबाधित राहू शकतो. एकूण आठ मंडळांच्या ८! (म्हणजे ८ पासून १ पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार) मांडण्यांपैकी, पाचांच्या ५! म्हणजे १२० क्रमांतला एकच क्रम मान्य असतो, म्हणून ८! भागिले ५! म्हणजे ३३६ मांडण्या मिळतात. आधी-नंतर सांगणारी अट आणि शेजार सांगणारी अट या वेगळ्या जातीच्या अटी आहेत, हा भेद येथे पक्का झाला.

या भागाकारामागचा विचार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. दहा हातांत दहा आयुधे बदलून धरणाऱ्या शंकराच्या आणि चार हातांत चार आयुधे धरणाऱ्या विष्णूच्या मूर्ती किती प्रकारच्या होतील, असे तेथे विचारले आहे. उत्तरे ३६,२८,८०० आणि २४. त्याच प्रकरणात ४, ८, ५, ५, ५ या अंकांच्या किती संख्या होतील, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ५! भागिले ३! म्हणजे २० असे येते. वरवर पाहता सारख्या अंकांचा आपल्या अटीशी संबंध दिसत नाही, पण तो अगदी जवळचा आहे. ज्या तीन कार्यक्रमांचा आपसातला क्रम ठरलेला आहे, त्यांच्या जागा निवडल्या की कोणत्या जागी कोण, हे आपोआप ठरते. म्हणजे मोजणीपुरते ते तिन्ही एकसारखेच झाले. क, स, ल यांच्या जागी ५ हा अंक तीनदा लिहा, मोजा आणि मग डावीकडून उजवीकडे त्यांना नावे द्या. हे एकदा पटले की ‘ठरलेल्या क्रमासाठी भागायचे’ हा नियम पाठ करावा लागत नाही.

आता मूळ प्रश्न. वर्गातून तीन उत्तरे आली: ६३०, ५६० आणि ६००.

६३० काढणाऱ्या गटाची रीत सुबक होती. आठ कार्यक्रमांच्या एकूण मांडण्या ४०,३२०. क, स, ल यांच्या सहा क्रमांपैकी एकच मान्य, म्हणून सहाने भागून ६,७२०. प आणि ए यांच्या दोन क्रमांपैकी एक मान्य, म्हणून ३,३६०. ग आणि भ शेजारी असण्याचे प्रमाण एक चतुर्थांश, म्हणून ८४०. न आणि ए शेजारी असण्याचे प्रमाणही एक चतुर्थांश, म्हणजे शेजारी नसण्याचे तीन चतुर्थांश, म्हणून ६३०. यातील प्रत्येक अपूर्णांक एकटा घेतला तर बरोबर आहे, म्हणूनच ही चूक वहीत सहज निसटून जाते. अट सुटी असताना तिचे जे प्रमाण असते, तेच प्रमाण दुसरी अट लागल्यानंतरही टिकेल, हे येथे न तपासता धरले गेले होते.

अशा वेळी वाद घालण्यापेक्षा लहान उदाहरण मांडून पाहावे. मी ग, भ, न, ए हे चारच कार्यक्रम ठेवले. गटाच्या रीतीने २४ गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे ६ मांडण्या यायला हव्यात. प्रत्यक्षात लिहून काढल्या तर न-ग-भ-ए, न-भ-ग-ए, ए-ग-भ-न आणि ए-भ-ग-न या चारच निघतात. फळ्यावरच्या चार ओळींनी जे काम केले, ते माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणाने झाले नसते. ग आणि भ यांना एकत्र बांधले की ते दोघे मिळून एकच पडदा होतात. न आणि ए यांच्यामध्ये येऊ शकणारे कार्यक्रम एकाने कमी होतात, आणि म्हणून न-ए शेजारी येण्याची शक्यता वाढते. आठ सुट्या कार्यक्रमांत न-ए शेजारी येण्याचे प्रमाण दोन अष्टमांश असते, तर ग-भ ही जोडी धरून उरलेल्या सात घटकांत ते दोन सप्तमांश होते. ८४० ला तीन चतुर्थांशाऐवजी पाच सप्तमांशाने गुणले की ६०० येतात.

मग प आणि ए यांच्या अटीसाठी दोनने भागणे तरी का चालले, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला, आणि तो अत्यंत योग्य होता, कारण ए हा न च्या अटीतही गुंतलेला आहे. उत्तर असे की कोणतीही मांडणी उलटीकडून वाचली तर शेजारी असलेले शेजारीच राहतात आणि दूर असलेले दूरच राहतात, मात्र आधीचे नंतर होते. उलट वाचल्यामुळे क-स-ल चे ल-स-क होईल, पण तेथे क आणि ल यांची नावे अदलाबदल केली की ती अट पुन्हा जागेवर येते. अशा रीतीने प आधी असलेल्या प्रत्येक मांडणीला ए आधी असलेली एक जोडीदार मांडणी मिळते. दोन्ही गट समान असतात आणि म्हणून अर्धे करणे योग्य ठरते. अर्धे करण्याचा अधिकार असा सिद्ध करावा लागतो, तो आपोआप मिळत नाही, हे मी तेव्हा मुद्दाम वहीत लिहून घ्यायला सांगितले.

५६० हे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण त्यातली रीत बरोबर होती आणि केवळ पायऱ्यांचा क्रम चुकला होता. त्या गटाने आधी क, स, ल, प, ए या पाचांचे मान्य क्रम मोजले: ५! भागिले ३! आणि २!, म्हणजे १०. मग न ला बसवायला पाच कार्यक्रमांभोवती सहा फटी आहेत, त्यांतल्या ए च्या दोन्ही बाजूंच्या दोन फटी वगळून ४. मग ग-भ या जोडीला सहा कार्यक्रमांभोवती सात फटी, आणि जोडीच्या आतले दोन क्रम. १० गुणिले ४ गुणिले ७ गुणिले २ म्हणजे ५६०. यात काय हरवले? न ला बसवताना तो ए च्या शेजारी होता, पण नंतर ग-भ ही जोडी नेमकी त्या दोघांच्या मध्ये आली, अशा मांडण्या. त्या पूर्णपणे मान्य आहेत, पण या गटाने त्यांची वाट आधीच बंद केली होती. त्या मोजल्या तर १० गुणिले २ गुणिले १ गुणिले २ म्हणजे ४० भरतात, आणि ५६० चे ६०० होतात.

हीच रीत योग्य क्रमाने केली की गणित फार सोपे होते. आधी-नंतरच्या अटींनी बांधलेल्यांचा सांगाडा उभा करायचा: १० प्रकार. मग ज्याच्यावर आधी-नंतरचे बंधन नाही अशी ग-भ जोडी सहा फटींपैकी एकीत बसवायची. आणि ज्याला कोणाचा तरी शेजार वर्ज्य आहे, त्या न ला सर्वांत शेवटी, सात फटींपैकी ए च्या दोन सोडून उरलेल्या पाचांत बसवायचे. ए अगदी टोकाला असला तरी त्याच्या दोन बाजूंना दोन फटी असतातच, कारण टोकाची जागाही फटच आहे. १० गुणिले ६ गुणिले ५ गुणिले २ म्हणजे ६००. वर्ज्य शेजार शेवटी तपासायचा, कारण त्यानंतर मध्ये येऊन चित्र बदलणारे कोणी उरलेले नसते. या जातीच्या प्रश्नांत एकच गोष्ट सांगायची मुभा मला मिळाली, तर मी हीच सांगेन.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी एक भर घातली. पोवाड्यात डफ वाजवणारी आणि साथीला उभी राहणारी मुले लेझीममध्येही होती. लेझीम खेळून दमलेल्या मुलांना पोवाड्याला उभे करू नये, म्हणून पोवाडा लेझीमच्या आधी हवा. प आधी, ल नंतर. मी अट फळ्यावर लिहून पूर्ण करण्याआधीच निम्म्या वर्गाने उत्तर सांगितले: ६०० चे अर्धे, ३००. आदल्या दिवशी अर्धे करण्याचा अधिकार सिद्ध करण्याबद्दल इतके बोलणे झाले होते, तरीही हा ओढा किती प्रबळ असतो, हे त्या क्षणी दिसले. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर क्षणभर माझीही मान होकारार्थी हलली होती.

सांगाड्याचे दहाही क्रम लिहून काढले आणि गोष्ट स्पष्ट झाली:

क स प ल ए
क स प ए ल
क प स ल ए
क प स ए ल
क प ए स ल
प क स ल ए
प क स ए ल
प क ए स ल
प ए क स ल
क स ल प ए

नवी अट मोडणारा क्रम यात एकच आहे, तो शेवटचा. म्हणजे दहापैकी नऊ टिकतात. ल हा त्याच्या साखळीतला शेवटचा आणि प हा त्याच्या साखळीतला पहिला असल्यामुळे, जुन्या अटींनीच प ला पुढे आणि ल ला मागे ढकलून ठेवले होते. नव्या अटीने जे मागितले ते बहुतांशी आधीच मिळालेले होते. प आणि ल यांच्यात आता समतोल नाही, म्हणून अर्धे करण्याला आधार नाही. आदल्या दिवशीची उलट वाचण्याची युक्तीही येथे लागू पडत नाही, कारण क आणि ल यांची नावे बदलायची मोकळीक आता राहिलेली नाही. ल हा प शी बांधला गेला आहे. पुढचे काम सरळ होते: ९ गुणिले ६ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे ५४०. पडताळा दुसऱ्या बाजूनेही घेतला. नवी अट मोडणाऱ्या मांडण्यांत क-स-ल-प-ए अशी पाचांची एकच साखळी असते, त्या १ गुणिले ६ गुणिले ५ गुणिले २ म्हणजे ६० आहेत, आणि ६०० वजा ६० म्हणजे ५४०.

येथे एक सूत्र सांगण्याजोगे आहे, कारण ते कुठे लागू होते आणि कुठे नाही, हे या प्रकरणात एकाच फळ्यावर दिसते. अटींच्या साखळीत (मंचावरच्या शेजारात नव्हे) प्रत्येक कार्यक्रमाच्या थेट आधीचा असा जास्तीत जास्त एकच कार्यक्रम असेल, म्हणजे अटींचे चित्र फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखे असेल, तर प्रत्येक कार्यक्रमासाठी तो स्वतः आणि त्याच्यानंतरच यावे लागणारे सर्व मिळून किती होतात, हे मोजायचे आणि त्या सर्व संख्यांच्या गुणाकाराने एकूण मांडण्यांना भागायचे. पहिल्या दिवशीच्या सांगाड्यात क साठी ३, स साठी २, ल साठी १, प साठी २, ए साठी १; गुणाकार १२, आणि १२० भागिले १२ म्हणजे १०. नव्या अटीनंतर ल च्या आधी स ही हवा आणि प ही हवा. ल ला दोन पूर्वज झाले, चित्र झाडाचे राहिले नाही आणि हे सूत्र संपले. अशा गुंतलेल्या अटींसाठी सर्व प्रसंगांत झटपट चालणारी रीत माहीत नाही. ग्रॅहम ब्राइटवेल आणि पीटर विंकलर यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की असे क्रम मोजण्याचा सर्वसाधारण प्रश्न मोजणीच्या सर्वांत अवघड मानल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो. पाच कार्यक्रमांपुरते मात्र दहा ओळी लिहून काढणे हाच उत्तम मार्ग आहे, आणि लिहून काढण्यात कमीपणा नाही, हे मुलांना वारंवार सांगावे लागते.

तिसऱ्या तासिकेला मध्यंतराचा विषय निघाला. मध्यंतर चौथ्या कार्यक्रमानंतर होणार होते आणि एकांकिकेला मोठे नेपथ्य लावायचे असल्याने ती मध्यंतरानंतरच ठेवणे सोयीचे, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. ही अट आधी-नंतरचीही नाही आणि शेजाराचीही नाही. ती जागेच्या क्रमांकाची आहे. सांगाडा उभारून फटींत बसवण्याच्या रीतीत जागांचे क्रमांक शेवटपर्यंत सरकत राहतात, त्यामुळे येथे ती तशीच चालत नाही. ए कोणत्या जागी आहे, यानुसार वेगवेगळे प्रसंग करावे लागतात. ए पहिल्या जागी येऊच शकत नाही, कारण त्याआधी प हवा. बाकीच्या सर्व अटी पाळून ए दुसऱ्या जागी असलेल्या मांडण्या ३२, तिसऱ्या जागी ४४ आणि चौथ्या जागी ६० भरल्या. एकूण १३६ वगळल्यावर ४०४ उरल्या. दुसऱ्या जागेचे ३२ कसे, तेवढे येथे सांगतो: सुरुवात प-ए अशी ठरते, मागे क, स, ल, न आणि ग-भ जोडी असे पाच घटक राहतात, त्यांच्या १२० भागिले ६ म्हणजे २० मांडण्यांतून न सर्वांत पुढे असलेल्या ४ काढल्या की १६, आणि जोडीच्या दोन क्रमांमुळे ३२.

परंतु ४०४ हे उत्तर चिठ्ठीतला शब्द शब्दशः पाळणारे आहे, हे एका मुलीने लक्षात आणून दिले. नाट्यछटा चौथी आणि एकांकिका पाचवी असेल, तर ती दोन्ही लागोपाठ खरी, पण मध्ये मध्यंतर असल्याने वेश बदलायला भरपूर वेळ मिळतो. म्हणजे अशा मांडण्या नाकारण्याचे कारणच उरत नाही. उलट गोंधळ चौथा आणि भारूड पाचवे असेल, तर ते लागोपाठ असूनही मध्यंतरात मंच रिकामा करावा लागेल आणि माइक दोनदा लावावे लागतील. अट का घातली आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तिचा गणिती अर्थ ठरवता येत नाही, आणि तो ठरवण्याचा अधिकार वर्गाला नाही. म्हणून हे दोन्ही प्रश्न कागदावर लिहून त्या मुलीनेच सांस्कृतिक समितीकडे नेले. समितीने दोन्ही बाबतींत तिचे म्हणणे मान्य केले, आणि बदललेल्या अटींची नवी मोजणी वर्गाने घरचा अभ्यास म्हणून घेतली.

छापायला गेलेल्या पत्रिकेवरचा क्रम असा होता: नाट्यछटा, कोळीगीत, समूहगीत, पोवाडा, मध्यंतर, गोंधळ, भारूड, एकांकिका, लेझीम. त्याचा सांगाडा वरच्या यादीतल्या दुसऱ्या ओळीचा आहे.